आधीच्या तक्रारी

१४ नोव्हेंबर

ताई,

नमस्कार. आईचा गुडघा बरा आहे, जिना चढते. भावोजींचा खोकला गेला असेल. तीन वर्षं तू एकाही पत्राला उत्तर दिलं नाहीस, म्हणून पुन्हा मीच लिहिते. हे अक्षर पाहून कपाळाला आठी पडेल. पडू दे.

आमचं क्रीम पास झालं!

स्टीलच्या टाकीत यीस्टला साखर आणि तेल खाऊ घालायचं. आठवड्याभराने तळाशी मधासारखा दाट थर बसतो. यीस्टने स्वतः बनवलेला, साबणाच्या जातीचा पदार्थ. तेल-पाणी एकत्र धरतो, पण कातडीला ओरबाडत नाही. सुरुवातीला फेस झाकण उचलून जमिनीवर यायचा. कंपनीतले आमचे साहेब म्हणायचे, "बाई, त्यापेक्षा लाँड्री काढा."

पन्नाशीपुढच्या चाळीस जणींनी ते बारा आठवडे लावलं. एकीलाही पुरळ नाही. ओलावा टिकला, डोळ्यांजवळच्या बारीक रेघा विरळ झाल्या. रेघा मोजणाऱ्या बाईंना आम्ही मोजपट्टी म्हणतो. भिंग खाली ठेवून त्या म्हणाल्या, "आकडे खरे आहेत गं. आता तरी हस."

मला हसू येईना. कंपनीच्या समितीसाठी अर्ज भरायचा होता. त्यात एक रकाना होता: बनवणाऱ्याच्या आधीच्या क्रीमबद्दल तक्रारी.

तीन वर्षांपूर्वी माझ्या क्रीमने तुझा चेहरा लालेलाल सुजला तेव्हा मी आईसमोर म्हणाले होते, "हिची कातडीच नाजूक." खोटं होतं ते. घरी केलेलं ते क्रीम दोनदा फुटलं होतं, तेल वर तरंगत होतं. पुन्हा फुटू नये म्हणून तेल-पाणी बांधणारं बाजारातलं रसायन मी दुप्पट घातलं. स्वतःच्या हातावरही लावून पाहिलं नाही आणि डबी तुला दिली. मुख्याध्यापिका म्हणून तुझा पहिला दिवस, आणि मुलं तुला टोमॅटोबाई म्हणाली. ते ऐकून मी हसले होते, ताई.

सगळं रकान्यात लिहिलं. साहेब कपाळावर हात मारून म्हणाले, "अहो, घरची भानगड इथे कशाला? अर्ज फेटाळतील. तीन वर्षं पाण्यात!"

"जाऊ द्या पाण्यात. कागद असाच जाईल."

आज सकाळी समितीपुढे उभी राहिले. अध्यक्षबाईंनी तो रकाना मोठ्याने वाचला. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"या वेळी काय दुप्पट घातलंत?"

"चाचण्या."

त्यांनी शिक्का मारला. साहेबांनी जिन्यातच टाळ्या वाजवल्या, मोजपट्टीने मला मिठी मारली. आणि मी, ताई, अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल इतकी मोठ्याने हसले.

घरी येऊन आईलाही तो कागद वाचून दाखवला. तिने तो माझ्या हातातून घेतला, नीट घडी घातली. मग म्हणाली, "हे तिला कळव."

डबी पाठवत नाही. तुझा चेहरा तुझा आहे. कागदाची प्रत सोबत आहे, शिक्क्यासकट.

तुझ्या कातडीत काहीही दोष नव्हता.

तुझी,
धाकटी