उंद्रीची फ्रेंच पंगत

उंद्री, तालुका चिखली
५ डिसेंबर १९३७

तीर्थस्वरूप अक्काच्या पायाशी धाकट्या इंद्रभानचा दंडवत.

इकडं आम्ही दोघं बापलेक ठीक आहो. तुह्या सासूबाईचा खोकला गेला का? उत्तमराव दाजीले नमस्कार सांग, अन् मागच्या पत्राचं उत्तर अजून मेहकरातच आहे हेही सांग (पत्र तुलेच होतं, पण तुमच्याकडं टपाल आधी त्यांच्या हातात पडते). माही तब्येत उत्तम. फक्त कालपासून हाताचा कांद्याचा वास जाऊन नाही राह्यला, त्याची हकीकत अशी.

नागपूरच्या इंग्रजी शाळेत आमचे एक फ्रान्सचे पाद्री होते, तुले आठवत असंल. शाळा सुटली तेव्हा त्यांनी मले त्यांच्या देशातल्या प्रवासाचं जाडं पुस्तक दिलं. कोणत्या गावाले कोणती गाडी जाते, तिथं उतरून काय खावं, सगळं त्यात आहे. आता कापूस वेचणीचे दिवस, अन् मी वावराच्या धुऱ्यावर बसून दिवसभर फ्रान्समध्ये फिरून राह्यलो. सकाळी पॅरिस सोडतो, दुपारच्या भाकरीले ल्यों येते (तिथं कांद्याचं कढण असते, त्याले सूप म्हणतात), अन् ऊन कललं की समुद्रकाठचं मार्सेय, तिथं मासे. परवा मार्सेयच्या धक्क्यावर उभा होतो तेवढ्यात शेजारच्या वावरातल्या पुंजाजीकाकांनी हाक मारली, 'अबे इंद्रभान, बैल कोनाच्या तुरीत गेले पाह्य.' (आमचेच बैल, आमच्याच तुरीत.) मार्सेय तसंच राह्यलं.

पण खरी मजा खाण्याची नाही, बसण्याची. पाद्रींनी एकदा मले त्यांच्याकडं जेवाले बसवलं होतं (हे आबाले सांगू नको). एक जिन्नस येते, तो संपला की गप्पा, मग दुसरा, पुन्हा गप्पा. दोन तास गेले. त्यांनी त्यांच्या डोंगरातल्या गावाचं सांगितलं, मी आपल्या आईचं सांगितलं. आई जाऊन सव्वा वर्ष झालं, अक्का, अन् आबा आता कसे जेवतात ते तू पाहिलं नाही. बसतात, जेवतात, हात धुतात अन् वावरात जातात. मागच्या महिन्यात ते माह्याशी जेवढं बोलले तेवढं एका पोस्टकार्डावर मावलं असतं, अन् पत्ता दोनदा लिहिता आला असता.

म्हणून काल आबाले फ्रेंच जेवण द्यायचं ठरवलं. पाव चिखलीतही भेटला नाही, तर भाकरीवर भागवलं. पाच शेर कांदे मी स्वतः चिरले. आता सैपाकाले झुंबरबाई येते, ती म्हणाली, 'एवढे कांदे अन् तिखट नाही? कोनी बिमार हाय का घरात?' पुंजाजीकाकालेही बोलावलं. पाट मांडले, ताटात फक्त सूपची वाटी ठेवली अन् मी भिंतीले टेकून उभा राह्यलो. पुस्तकाचा नियम पक्का, पहिलं संपल्याशिवाय दुसरं आणायचं नाही.

अन् पंगतीचा नियम त्याहून पक्का, सगळं वाढून झाल्याशिवाय अन्नाले हात लावायचा नाही. हे माह्या ध्यानातच आलं नाही. ते दोघं बाकीच्या वाढपाची वाट पाहून राह्यले, मी वाट्या रिकाम्या व्हायची. मले वाटलं, सूप निवू देतात. थंडीनं वरचं तूप गोठलं तरी कोणी हलेना.

शेवटी पुंजाजीकाका म्हणाले, 'रामराव, ज्वारी पेराले गेली का तुमची झुंबरबाई?'

आबा म्हणाले, 'थांब ना बे, घाई काऊन करतं? याची माय तर मले रोज असंच बसवे.'

अन् आबा बोलाले लागले. खरंच, अक्का. आई जवसाची चटणी मुद्दाम शेवटी वाढायची. चटणी आली की हा माणूस जेवते अन् उठते, हे तिले ठाऊक. म्हणून तोवर दिवसभराचं सगळं विचारून घ्यायची. 'मले समजे ते,' आबा म्हणाले, 'म्हून तर मी कधी चटनी मांगतली नाही.'

तासभर बोलले. मग झुंबरबाईनं मले न विचारता भाकरी, वांगं, भात एकदमच वाढून टाकलं, अन् दोघांनी थंड सूपमध्ये भाकरी कुस्करली (पुस्तकातही त्यात पाव बुडवतात, म्हणजे ते बरोबरच झालं). जाताना पुंजाजीकाका म्हणाले, 'वरण बरं होतं, फक्त दाळ टाकाले इसरला तू.'

आज आबा नेहमीसारखे जेवले अन् गेले. मी पुस्तक उघडलं, पण ल्योंले उतरावं वाटलं नाही.

बाकी इकडं सांगण्यासारखं काही नाही.

तुहा धाकटा,
इंद्रभान

ता. क. आईची जवसाची चटणी कशी करायची ते लिहून पाठव.

दुसरा ता. क. पत्र टाकायचं दोन दिवस राह्यलं, तेवढ्यात समजलं की झुंबरबाईले ती चटणी येते, आईनंच शिकवली. त्यामुळं कृती पाठवू नको. आज तिनं केली, अन् मी मुद्दाम वाढली नाही. आबा थांबले. सैपाकघराकडं पाहिलं नाही, मांगितली नाही, नुसते थांबले. पण अक्का, काय विचारावं ते मलेच सुचलं नाही. आई काय काय विचारायची ते तुले ठाऊक असंल, अन् ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. तर संक्रांतीले ये. मी आबाशेजारी पाटावर बसतो. चटणी तू वाढ, अन् वाढाले उशीर कर.