पाटीवरचे आकडे आणि बाबांचा चहा

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (कंबर दुखत असल्यामुळे सध्या उभ्यानेच घालतो आहे, गोड मानून घे). तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला गेला की अजून मुक्कामाला आहे? आम्ही सगळे मजेत आहोत. तुझी भावजय रागात आहे, पण ती तब्येतीची तक्रार नव्हे.

तिच्या रागाचं कारण माझा धंदा. तुला ठाऊकच आहे, दुकानांची नावं हल्ली यंत्रावर छापून येतात, पण मालाच्या भावाच्या पाटीवरचा एक आकडा बदलायला कुणी यंत्र बोलावत नाही, मला बोलावतात. म्हणजे सगळ्या जगाचं पोट जिच्यामुळे खपाटीला जातं, त्या महागाईवर माझं भरतं. निदान भरायला हवं. पण तुझी भावजय वाण्याकडून परतते ती माझ्यावरच डाफरत, ‘तेलाचा नवा आकडा काल तुम्हीच रंगवलात ना?’ जसं काही मी घाण्याचा मालक! आणि खरी गोम अशी, की सगळ्यांचे भाव वाढवणाऱ्या माझा स्वतःचा भाव सहा वर्षांत वाढलेला नाही (मागायची लाज वाटते). पूर्वी एक आकडा रंगवला की एक लिटर तेल यायचं. आता त्याच तेलाला साडेतीन आकडे लागतात, आणि अर्धा आकडा कुणी रंगवून घेत नाही.

असो. मुद्दा बाबांचा आहे. कारखान्याच्या फाटकावर एकतीस वर्षं लोकांच्या येण्याजाण्याची वेळ टिपली, त्याचं पेन्शन त्यांना मिळतं. ते ठरलं त्या दिवशी जेवढं होतं तेवढंच आजही आहे. मुलांकडून घ्यायचं नाही हा त्यांचा बाणा. हातपाय धड आहेत तोवर, वगैरे. तू कपाटात ठेवून गेलेली नोट त्यांनी तुझ्याच पिशवीत परत कशी घातली, आठवतं ना? त्यांची चैन एकच, काकूंच्या हॉटेलात खिडकीजवळ तीन मित्रांबरोबर चहा. आठाला कप होता तेव्हा दोन कप, दहा झाला तेव्हा एक.

गेल्या महिन्यात काकूंनी मला बाराचे पंधरा करायला बोलावलं. केले. पाचाचं पोट असं सुरेख उतरलं म्हणून सांगू! मी शिडीवरून उतरून लांबून बघत उभा राहिलो. काकू ग्लास पुसता पुसता म्हणाल्या, ‘बारा झाल्यापासून तुझे बाबा आले नाहीत रे. आता पंधरावर कुठले यायला?’ ताई, ते बारा मीच रंगवले होते. बाबा तर रोज ठरल्या वेळी घरातून निघतात आणि तासाने परततात. दुसऱ्या दिवशी मागे मागे गेलो. हॉटेलसमोरच्या बस थांब्यावर बसले होते. तीन बस आल्या आणि गेल्या, हे एकीतही चढले नाहीत. मित्र पलीकडे खिडकीत दिसत होते. मी कोपऱ्यावर उभा राहून चक्क रडलो.

मग मी डोकं चालवलं (तू म्हणतेस तेच, चालवायला नको होतं). पहाटे जाऊन पाटीवर परत आठ रंगवले, म्हटलं फरक मी भरीन. दहा वाजेपर्यंत समोरची सगळी बँक रांगेत आणि काकूंचं दूध संपलेलं. काकू चहाचा ओगराळा घेऊन माझ्यामागे धावल्या. नंतर आकडा पुन्हा पंधरा करून खाली ठळक लिहिलं, ‘साठीपुढील मंडळींना जुना भाव’. एका दिवसात सगळी गल्ली म्हातारी झाली. व्यायामशाळेचा मास्तर म्हणे एकसष्टीला आला! आणि बाबांनी ती ओळ थांब्यावरूनच वाचली. संध्याकाळी घरी येऊन म्हणाले, ‘त्या म्हाताऱ्यांच्या हॉटेलात कोण जातंय!’ वय वर्षं शहात्तर.

शेवटी अक्कल निघाली ती तुझ्या भावजयीची. म्हणाली, पैसे देऊ नका, काम द्या. म्हणून मी सलूनच्या पाटीवर मुद्दाम दाढीला पंधराऐवजी एक्कावन्न लिहिले (न्हावी अजून माझ्याशी बोलत नाही) आणि घरी येऊन रडगाणं लावलं, की माझे आकडे चुकतात, कुणीतरी तपासनीस हवा. बाबा लगेच ताठ बसले. मी महिन्याची रक्कम सुचवली तर म्हणाले, ‘रक्कम नको. रक्कम झिजते. रोज दोन कप चहा ठरव. कप म्हणजे कप.’

तेव्हापासून ते शिडी धरतात आणि तपासतात. साखर का वाढली याचा जाब दुकानदाराला विचारतात, त्यापायी दोन गिऱ्हाइकं गेली. परवा जाब विचारायला शिडी सोडून आत गेले आणि मी छपराच्या पत्र्याला लोंबकळलो. कंबर त्याचीच. शिवाय मला न विचारता माझा भाव दीडपट करून टाकला, आणि लोक निमूट देतात! पण सकाळी खिडकीत बसून हसतात ना ताई, ते रस्त्यापलीकडे ऐकू येतं.

तुझा,
धाकटा

ता. क. : बाबांना यातलं काही कळू देऊ नकोस. फक्त पुढच्या पत्रात लिही, की आमच्या गल्लीतल्या पाट्या हल्ली बिनचूक असतात असं तुझ्या कानावर आलं.

ता. क. दुसरा, वडिलांच्या हातचा : बाळ, पत्र टेबलावर उघडं होतं. माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय याचं काही बाहेर जात नाही, तसा करारच आहे. चुका तीन. मला पंच्याहत्तर पुरी झाली आहेत, शहात्तरावं चालू आहे. सलूनचे एक्कावन्न मुद्दाम काढले होते हे मला तेव्हाच कळलं, चुकणाऱ्या माणसाचा हात इतका सुबक चालत नाही. तिसरी चूक मोठी. बारा मला परवडत होते. पण हा शिडीवर चढून ते बारा रंगवत होता, तेव्हा हॉटेलच्या खिडकीतून मला याचे बूट दिसले. तळवे पार गुळगुळीत झालेत, शिडीच्या पायरीवर घसरतात. कोपऱ्यावरच्या दुकानात रबरी तळव्याचे चांगले बूट आहेत, म्हणून चहा सोडून पैसे साठवायला लागलो. तीनदा अगदी जवळ आलो. तिन्ही वेळा हाच गाढव तेच झिजलेले बूट घालून शिडीवर चढला आणि नव्या बुटांचा आकडा पुढे सरकवून आला. तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही. आज मागतो. दोनशे दहा कमी पडतात, तेवढे पाठव. लवकर पाठव, सोमवारी त्याला त्याच दुकानाचं बोलावणं आहे.

पाकीट मी चिकटवलं आहे. त्याला सांगू नकोस.