या वेळी पायांसकट

सोम., ६ जानेवारी
रोजनिशी सुटून बरीच वर्षं झाली. आज पुन्हा लिहायला बसले त्याला कारण एकच. केंदूरहून सुनीलचा फोन आला. त्याच्या आईचा, म्हणजे माझ्या मालनचा, डावा पाय घोट्याच्या वर कापायचं ठरलं. साखरेनं. ता. २२.
मग फोन मालनकडे.
"मार्थे, रडू नगं, आदी ऐक. मला एक फोटू काढून दे. भुलेश्वरला. तिथंच. आन् ह्या बारीला पाय आलं पायजेत."
मी रडत नव्हते. हो म्हणून टाकलं. वरण करपलं.

मंगळ., ७ जानेवारी
एकदा लिहून काढावं, म्हणजे डोक्यातून जाईल.
शिरूरला पप्पांचा फोटो स्टुडिओ होता. मालन माझ्याबरोबर कॉलेजात. तिला वरवंडचं स्थळ आलं, मुलगा शिक्षक. त्यांनी फोटो मागवला. त्याच आठवड्यात कॉलेजची सहल भुलेश्वरला निघाली. मी म्हटलं, स्टुडिओतला पडदा कशाला, डोंगरावर काढते, देवळातल्या खांबाशी. पप्पांचा कॅमेरा नेला. एकच फोटो काढला. चेहरा असा आला की पप्पा सुद्धा थांबून बघत राहिले. मग म्हणाले, "पाय कुठं आहेत? माणसाचे पाय तोडलेस तू."
फोटो गुडघ्याखाली कापलेला. तसाच गेला, दुसरा काढायला वेळ नव्हता. वरवंडहून निरोप आला: मुलगी छान आहे, पण पायात काही खोट आहे का? मालनचे वडील भडकले. बोलणं तिथंच मोडलं.
पुढच्या वर्षी ती केंदूरला दिली गेली. घर चांगलं, शेवंतीचे मळे, नवरा साधा होता. तक्रारीला जागा नाही. पण वरवंडच्या मुलाचं पत्र तिनं मला लायब्ररीत दाखवलं होतं. माणूस पाहिलाही नव्हता. "बघ की, वेलांट्या कशा काढतो."
एस.टी. वरवंडला थांबली की मी अजून खिडकीबाहेर बघत नाही.
सगळी नोकरी भूमिती शिकवली. अपुऱ्या आकृतीला कधी अर्धा गुणही दिला नाही.

गुरु., ९ जानेवारी
सराव. अंगणातल्या दोरीवर साडी टाकली, खाली चपला ठेवल्या, झाली मालन. निवृत्तीच्या वेळी शाळेनं दिलेला कॅमेरा. चौदा फोटो, सहांत चपला गायब. चूक तीच: मी उभी राहते.
पप्पांचं आठवेल तसं:
पाय हवे असतील तर आपण खाली बसायचं. उभ्यानं काढला की डोकं मोठं, पाय आखूड.
सगळं देऊळ घ्यायला जाऊ नये, माणूस मुंगी होतो. एक खांब पुरे.
भिंतीला चिकटवू नये. चार पावलं पुढे घ्यावं.
उजेड बाजूनं, सकाळचा. दुपारी डोळ्यांचे खड्डे होतात.
"हसा" कधीही म्हणू नये.

रवि., १२ जानेवारी
चर्चहून आल्यावर सुनीलला फोन. तयार नाही.
"मावशी, डॉक्टरनी बेडरेस्ट सांगितलाय. आन् मी कंपनीत सुट्टी टाकून आईला डोंगरावर नेऊ? फोटो घरीच काढतो की मोबाईलवर. मागं भुलेश्वर लावून मिळतं आता, ॲप हाय."
"पायसुद्धा लावून देतं का?"
त्यानं फोन ठेवला. बोलायला नको होतं. त्याची आई आहे.
संध्याकाळी त्याचाच फोन. डॉक्टरांना विचारलं म्हणे. चालायचं नाही, बँडेज सोडायचं नाही, मिनिटभर उभं राहिलं तर चालेल. शुक्रवारी नेतो. सोमवार मीच नको म्हटलं, गर्दी असते.
मिनिटभर. म्हणजे तीन फोटो. फार तर चार.

शुक्र., १७ जानेवारी
दौंडहून पहाटेच्या डेमू गाडीनं यवत. स्टेशनबाहेर सुनीलची गाडी. मागच्या सीटवर मालन, पाय उशीवर. मोरपंखी साडी. वाळली आहे. मला पाहून, "केस रंगवत जा की, म्हातारी दिसतीस."
गाडी पायऱ्यांपर्यंत गेली. खालीच काढू म्हटलं, मागे डोंगर छान येतो. ऐकेना. "तवा वर काढला व्हता." हारवाल्या मामांकडून प्लॅस्टिकची खुर्ची घेतली. एका बाजूनं सुनील, दुसऱ्या बाजूनं मामा स्वतः. पायरीपायरीला मालनची सूचना चालू. "मामा, सांभाळून, मी नवरी न्हाई, पर पडंल तर आवाज तेवढाच व्हईल."
ओवरीत अंधार, दगड काळा आणि थंड. जाळीतून एक तिरपी उजेडाची पट्टी. खांब तोच. मला वाटतं तोच.
खांबापासून चार पावलं पुढे खुर्ची ठेवली. सुनीलनं धरून उभी केली, मग हात सोडून बाजूला झाला. दोन्ही पायांवर उभी. डावा बँडेजमध्ये. ओठ घट्ट दाबलेले, शाळेच्या गटफोटोत असतात तसे.
पहिला. चेहरा लाकडी.
मी खाली बसले. दुसरा. बोटं कापली गेली. अंगठ्याशेजारची तीन.
मग मी सरळ फरशीवर पालथी झाले. या वयात, साडी नेसून.
मामा: "बाई, देव तिकडं हाय. हिकडं कुणाला लोटांगण घालताय?"
मालन: "अगं बया! मार्थे, येशूला कळलं तर?"
आणि हसली. तोंड उघडं टाकून, मान मागे. तिसरा तेव्हा काढला.
चौथा काढायला ती उभी राहू शकली नाही. सुनीलनं धरली. तो डोळे पुसत होता, मी पाहिलं नाही असं केलं.
खाली चहा. सुनील खुर्ची परत द्यायला गेला तेवढ्यात मालन म्हणाली, "तवा म्याच तुला म्हणलं व्हतं, पाय घेऊ नगं. चप्पल तुटली व्हती, टाचा भेगाळलेल्या. लाज वाटली."
"मला नाही आठवत."
"तुला न्हाई आठवत. मला आठवतं."
"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"
"तू कवा इचारलंस?"
खरं आहे. कधी विचारलं नाही.

शनि., १८ जानेवारी
रात्रभर तोच विचार. सहल आठवते, पिठलं-भाकरी आठवते, कॅमेऱ्याचं चामडी पाकीट आठवतं. ते वाक्य आठवत नाही. मालन खोटं बोलत नाही. पण पाय जाणाऱ्या बाईला दुसऱ्याचं ओझं काढून ठेवावंसं वाटलं, तर?
दौंडात प्रिंट काढून घेतले. तिसरा फोटो मोठा. पाय पूर्ण, बँडेजसकट, खाली दोन बोटं फरशी शिल्लक. आकृती पूर्ण.
त्याच फोटोतला नुसता चेहरा वेगळा काढला. तो जास्त चांगला आहे. काय करणार.

बुध., २२ जानेवारी
स. नऊला शिरूर, दवाखाना. मालन हिरव्या झग्यात, बांगड्या सुनीलच्या खिशात.
मोठा फोटो हातात दिला. आधी पाय पाहिले. बोट ठेवून, एक, दोन. मग चेहरा. "दात किती दिसत्यात." फोटो उशीखाली.
चेहऱ्याचा मी पिशवीतच ठेवला होता. तिनं पाकीट पाहिलं, ओढून काढलं. छातीपर्यंतचा फोटो. आमच्याकडे काय, तिच्याकडे काय, असा फोटो कशासाठी असतो हे सगळ्यांना ठाऊक.
"हा हाराचा. हा तुझ्याजवळ ठेव. घाई न्हाई."
वरवंडचं विचारायचं होतं. तुला तो हवा होता का, एवढंच. नर्स आली.
सव्वादहाला आत नेलं. सुनील बाकावर, मी शेजारी. अजून दिवा लाल आहे. बाकावरच लिहिते आहे.

दिलं: मोठा फोटो एक, पायांसकट.
परत आला: चेहऱ्याचा एक.
मिळालं: आत जाताना तिनं सुनीलकडून मला देवविलेला जुना फोटो, गुडघ्याखाली कापलेला. वरवंडहून परत आलेला, तिनं जपलेला. मागे पप्पांचं अक्षर, पेन्सिलीनं: "पाय नाहीत. पुन्हा काढणे."