साहेबांचा चहा

रेडमंड (अमेरिका), १२ फेब्रुवारी २००६

ती. शैलेंद्रदादा,

सा. न. तुझी कंबर, वहिनीचा रक्तदाब आणि नागपूरची थंडी, तिन्ही ताळ्यावर असतील अशी आशा आहे. खरं तर ईमेलच करणार होते, पण कॉम्प्युटर बाबांच्या खोलीत आहे आणि तिथे दोघं बसलेले असतात.

दोघं म्हणजे बाबा आणि साहेब. साहेब म्हणजे फ्रान्सच्या लुई फिलिप राजाचे ते इतिहासकार पंतप्रधान, ज्यांचं चरित्र बाबा कॉलेजातून रिटायर झाल्यापासून लिहिताहेत. वडील गिलोटिनवर गेले तेव्हा साहेब सहा वर्षांचे होते, ते प्रकरण नागपुरातच लिहून झालं. (तेव्हा साहेब कागदावरच राहत.) इथे आल्यावर मजकूर अठराशे अठ्ठेचाळीसच्या क्रांतीपर्यंत पोचला, साहेबांची सत्ता गेली, त्यांना समुद्र ओलांडून इंग्लंडला पळावं लागलं, आणि दुसऱ्याच सकाळी बाबांनी टेबलावर एक जास्तीचा कप ठेवला. बिनदुधाचा, दोन चमचे साखर. मी कपाळाला हात लावला आणि ऑफिस गाठलं. परतले तर बाबा रिकाम्या खुर्चीशी हुज्जत घालत होते. मध्येच थांबायचे, ऐकायचे, मान हलवायचे. खुर्चीखालचा गालिचा ओला होता. (इथे पाऊस रोज असतो, पण घरात नसतो.) विनयला सांगितलं तर हे आमचे पतिराज म्हणाले, "यार, लोकांना मतदानाचा हक्क का दिला नाही ते विचार ना त्यांना!" उर्वीला विचारलं, तर तोंडातला घास न थांबवता ती म्हणाली, "मॉम, ही इज सो पोलाइट."

आई गेल्यावर बाबा आठ महिने जवळजवळ मुके होते, ते तू पाहिलंस. आता जेवतात, वाद घालतात, परवा तर चक्क हसले. मला रडूच आलं. पण भीती वाटते रे. तुझंच म्हणणं पटतं, एप्रिलमध्ये त्यांनी नागपूरला परतावं आणि डॉक्टरांना दाखवावं. तू न्यायला ये.

तुझी,
नीलांबरी

ता. क. साहेबांचा कप रोज रिकामा होतो, कारण बाबा आंघोळीला गेले की तो चहा मी पिते. पाहुणा आलाच नाही असं त्यांना वाटू नये, म्हणून. हे विनयलाही ठाऊक नाही.

ता. क. २. पत्र पाकिटात घालत होते, तेवढ्यात बाबा आले आणि जरा ओशाळून म्हणाले, "नीलू, साहेबांची एक तक्रार आहे. रोज त्यांचा चहा तू पितेस म्हणे." उद्यापासून जास्तीचे दोन कप करीन, एक साहेबांचा, एक माझा. तू येऊ नकोस, बाबांचं तिकीट मी कॅन्सल करते. बाबा नागपूरला गेले आणि साहेब इथेच राहिले, तर?