मालगाडीवरचा गार्ड

आबा, तुम्ही गेलात त्या वयाहून मी आता म्हातारा झालोय. शाळा सातवीत सुटली, त्यामुळे लिहिताना काना-मात्रा चुकेल की काय अशी भीती वाटते. तशी मला कशाचीही वाटते. इथे जर्मनीत, फ्रँकफर्टला, मुलाकडे राहतो. बाहेर पडायचं म्हटलं की किल्ली, विम्याचं कार्ड, गोळ्या, सगळं चार-चारदा चाचपतो. मागच्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की माझं विसरणं आता वाढतच जाणार. मुलगा ते मला मराठीत करून हळू सांगत होता. मी मान हलवत होतो, पण मनात वेगळंच चाललं होतं. तुम्ही खरे कोण होतात हे माहीत असलेला माणूस आता मी एकटा उरलोय. मुलाची आई होती, ती गेली. मुलाला मी कधी सांगितलंच नाही. मी विसरलो की तुम्ही संपलात. म्हणून ठरवलं, एकदा तरी कुणासमोर मोठ्याने म्हणायचं की माझे वडील बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचे. मुलासमोर धीर झाला नसता. मित्रांना सांगू, म्हटलं.

मित्र दोनच. एक साहेब, चाळीस वर्षं इथल्या मोटारींच्या कंपनीत काढलेले इंजिनिअर, बोलताना सारखं 'गेनाऊ, गेनाऊ' म्हणतात, म्हणजे अगदी बरोबर. दुसरे लातूरकडचे मास्तर, कायझर्सलाउटर्नला मुलीकडे आलेले, व्हिसा संपत आलेला. मास्तर जायच्या आधी एक दिवस फिरून येऊ, असं साहेबांनी ठरवलं. सकाळी निघालो, मास्तरांना घेतलं आणि कोलोनच्या रस्त्याला लागलो. रस्ताभर मी मनात वाक्य जुळवत होतो. ते वाक्य एवढंसं, पण प्रत्येक वेळी पुढून ट्रक आला आणि मी म्हटलं, हा जाऊ दे, मग बोलू.

दुपारी नदीकाठच्या एका गावात थांबलो. तिथे एका मेक्सिकन माणसाचं हॉटेल आहे, मागे बाग, बागेत बाकडी. साहेबांना गाडी चालवायची, त्यांनी अंबाडीच्या लाल बोंडांचं सरबत घेतलं. आम्हा दोघांसमोर छोटे पेले आले, काठाला मीठ लावलेले. साहेब म्हणाले, ही घायपाताची दारू. मास्तरांनी पेला उजेडात धरला. "आपण जन्मभर याचे दोर वळून बैल बांधले," ते म्हणाले, "आणि हे लोक बघा, पिऊन मोकळे." मी खूप हसलो. आता बोलावं असं वाटलं. तेवढ्यात वाजवणारे आले.

मोठ्या काठाच्या टोप्या, काळ्या विजारींवर खालपर्यंत रुपेरी गुंड्या. दोन व्हायोलिनं, गिटारी, आणि एक ट्रंपेट. साहेब सांगत होते की ही त्यांची पारंपरिक गाणी, लग्नाला, वाढदिवसाला, अगदी मयतालासुद्धा वाजवतात. मास्तर म्हणाले, "म्हणजे बँडवालेच की. टोपी तेवढी मोठी." साहेब हसले. मीही हसलो, आबा. ट्रंपेटवाला साधारण साठीचा असेल. वाजवण्याआधी त्याने तोंडाजवळचा भाग काढून मुठीत धरला, ऊब देण्यासाठी. तुम्ही हिवाळ्यातल्या लग्नांत धरायचात तसा. त्याच्याही वरच्या ओठावर तुमच्यासारखा गोल वळ आहे. तो वाजवू लागतो आणि मला बाग दिसत नाही. तुम्ही पायरीवर बसलाय, मी सात-आठ वर्षांचा, माझी तीन बोटं ट्रंपेटच्या तीन खुंट्यांवर तुमच्या बोटांखाली दाबलेली.

गाणं संपलं तरी माझी बोटं बाकड्यावर चालूच होती. मला कळलं नाही, त्याला कळलं. तो जवळ आला, माझ्या हाताकडे पाहिलं आणि दोन्ही हातांनी ट्रंपेट पुढे धरलं. भाषा नाही काही नाही, नुसतं धरलं. मास्तर म्हणाले, "काय हो, वाजवता की काय?"

"छे," मी म्हणालो. "आमचे वडील रेल्वेत होते. गार्ड. मालगाडीवर."

वडिलांचं कुणी विचारलंही नव्हतं. तो माणूस हसून परत गेला.

मालगाडी ही मला सुचलेली नव्हे, ती तुमचीच. आपल्या गल्लीत वाजवणाऱ्याच्या मुलाचं लग्न असलं की दारातलं पहिलं गाणं बापाने वाजवायचं, मग नवरदेव घोड्यावर बसायचा. माझ्या लग्नाच्या आठवडाभर आधीपासून तुम्ही चिंच लावून ट्रंपेट घासत होतात. मी नुकताच कंपनीत कायम झालो होतो, फोरमन येणार होते, आणि त्यांना मी वडील रेल्वेत गार्ड आहेत असं सांगून बसलो होतो. मी तुम्हाला वाजवू नका म्हणालो. बँडही दुसऱ्या तालुक्यातून आणला, तुम्हाला ओळखणारं कुणी नको म्हणून. फोरमननी जेवताना विचारलं, कोणत्या गाडीवर असता? तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "मालगाडीवर, साहेब." मग दिवसभर तोंडाला रुमाल धरून बसलात, ओठावरचा वळ दिसू नये म्हणून. दाढ दुखतेय का, असं लोक विचारत होते. घरी आल्यावर तुम्ही मला एक शब्द बोलला नाहीत. एकदा शिवी दिली असतीत तर मला ती धरून बसता आलं असतं.

संध्याकाळी गाडीने परत निघालो. मग मास्तर एकदम म्हणाले, "मी त्या वाजवणाऱ्यांना हसलो ते बरं नाही केलं. माझा बाप बसस्टँडवर बूट पॉलिश करायचा. मीही डबी घेऊन शेजारी बसायचो."

"गेनाऊ," साहेब म्हणाले. "माझ्या आईने चार घरची भांडी घासली, तेव्हा मी इंजिनिअर झालो."

दोघंही सहज बोलले, हवापाण्याचं बोलावं तसं. मास्तर मागे वळून मला म्हणाले, "तुमचं बरं होतं बुवा. गार्ड म्हणजे पेन्शन." आबा, त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, सकाळपासून जुळवलेलं. ते ऐकून कुणी हसलं नसतं. तेव्हाच कळलं की इतकी वर्षं तुम्हाला लपवलं, त्याची कुणापुढे गरजच नव्हती, आणि तरी मला ते बोलता येत नाही. मी साहेबांना म्हणालो, जरा गाडी थांबवा, लघवीला जायचंय.

मास्तर आता लातूरला गेले. साहेबांचा फोन येतो, मी गुडघ्यांचं बोलतो. हे पत्र औषधांच्या डब्याखाली ठेवणार होतो, पण दर रविवारी मुलगा त्यात गोळ्या भरतो. तेव्हा फाडूनच टाकतो. तुम्हाला म्हणून एवढं सांगतो, त्या दिवशी मला लघवी लागली नव्हती. मी रस्त्याकडेच्या शौचालयात जाऊन नळ सोडला आणि ते दोघं हाक मारेपर्यंत तिथेच उभा राहिलो.