लोरिस मनोरा चढला त्याची हकीकत

ती. झेलिंदाताईस,

आधी छत्रीचं बोलते, मग नमस्कार. बोलोन्यात कमानींखालून अर्धं शहर कोरड्या अंगानं फिरता येतं, इथलं कुत्रंसुद्धा भिजत नाही, हे तुला लहानपणापासून ठाऊक. तरी बसमध्ये चढता चढता कैलासवासी दाजींची ती हिरवी, तंबूएवढी छत्री माझ्या काखेत कोंबलीसच. दिवसभर ती लोकांच्या नडग्यांना लागत होती आणि मी माफी मागत होते. (दोनदाच मागितली. मग म्हटलं, लोकांनाही डोळे आहेत.) असो. मी खुशाल आहे, गुडघे सोडून. तुझी कंबर कशी आहे? कोंबड्या अंडी घालतात का? झाला नमस्कार.

तू मला पाठवलंस लोरिसच्या अभ्यासाचं कुठवर आलं ते बघायला. सात वर्षं तू गावाला ऐकवते आहेस की पोरगा डॉक्टर होतोय. पाद्रीबाबांनी तर आपला हर्निया त्याच्यासाठी राखून ठेवलाय. तर ऐक. सकाळी मुसळधार पाऊस. लोरिस स्टँडवर आला, माझी पिशवी घेतली, कमानीखालून मोठ्या चौकापर्यंत आणलं. इथली शिकणारी पोरं त्या चौकाला कडेनं वळसा घालतात, मधून जात नाहीत; आणि उंच मनोरा तर पदवी हातात पडेपर्यंत चढतच नाहीत. चढला की पदवी गेली. हे तिसरीत शाळा सोडलेल्या मलाही माहीत. आणि आपला लोरिस भर पावसात चौकाच्या मधोमध चालायला लागला! वर विचारतो, "मावशी, मनोरा चढायचा का? आज गर्दी नसेल."

ताई, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, पोरगं पास झालंय आणि आपल्याला चकित करायचं म्हणून गप्प आहे. तो तिकिटं काढेपर्यंत मी कोपऱ्यावरच्या फुलवालीकडून पास झालेल्यांच्या डोक्यावर घालतात तो लॉरेलच्या पानांचा मुकुट घेतला, लाल फितीसकट, आणि मिटलेल्या छत्रीत लपवला. (छत्रीचा तेवढाच उपयोग.) चारशे अठ्ठ्याण्णव लाकडी पायऱ्या! दोनशेनंतर मी देवाला आणि बांधणाऱ्याला, दोघांनाही नावं ठेवली. पण वर पोचले आणि कठडा धरून खाली बघितलं. सगळं शहर लाल, ओलं, आत्ताच भट्टीतून काढून पाण्यात बुडवल्यासारखं. इतकं देखणं शहर आहे हे खालून कळतच नाही, खाली आपण चिखल बघत चालतो. पाऊस जोरात आला म्हणून मी छत्री उघडली, आणि मुकुट पडला तो थेट माझ्याच डोक्यावर.

लोरिसनं बघितलं. हसला नाही. ओल्या पायरीवर बसला आणि म्हणाला, "मावशी, मी दोन वर्षं वर्गातच गेलो नाही." मी हात उचलला होता, पण एका हातात छत्री आणि दुसऱ्यानं कठडा धरलेला. म्हटलं, "हे सांगायला मला एवढं वर आणलंस?" तर म्हणतो, "खाली सांगितलं असतं तर तू पहिल्या बसनं आईकडे पळाली असतीस. आधी जेव, मग मार."

बाजाराच्या गल्लीतल्या एका खानावळीत नेलं. आत पाच म्हाताऱ्या लाकडी फळीवर हातभर लांब लाटण्यांनी पिठाची पोळी लाटत होत्या. त्यातली थोरली इरिदेबाई ओरडली, "या डॉक्टर, उशीर केलात, पेशंट सुकतोय!" आणि कणकेकडे बोट केलं. लोरिसनं बाह्या वर केल्या. ताई, त्यानं लाटलेली पोळी मी खिडकीसमोर धरली तर पलीकडची कमान दिसली, तीवरचं कबुतरसुद्धा. मग ती चिमुकली तोर्तेल्लिनी, सारण भरून करंगळीभोवती वळलेली, कोंबड्याच्या रश्श्यात. पहिला घास घेतला आणि चमचा खाली ठेवला. आपल्या आईच्या हातची चव. मी बोलले नाही. मी! (शेजारच्या टेबलावर कुणीतरी तोर्तेल्लिनीवर साय मागायचं पाप केलं तेव्हा मात्र बोलले. इरिदेबाईही लाटणं घेऊन बाहेर आली.) तीन वाट्या खाल्ल्या. मारायचं राहून गेलं.

तू रडशील. रड. पण या पोरानं कुणाचं पोट फाडण्यापेक्षा लोकांची पोटं भरलेली बरी, हे मी खाऊन सांगते आहे.

तुझी आर्जिया

ता. क. मुकुट वाया गेला नाही. इरिदेबाईनं पानं भाजायच्या डुकरात घातली. फीत मी ठेवली.

ता. क. २. छत्री विसरले नाही. मुद्दाम खानावळीच्या खुंटीला अडकवली आहे. रविवारी लोरिस ती परत द्यायला येईल. दार उघड.

ता. क. ३. आता खरं काम. तुझ्या चुलीवर टांगलेलं आईचं लांब लाटणं हवंय. खानावळीतलं लोरिसच्या हाताला आखूड पडतं, आणि तुझ्याकडे मागायची त्याला हिंमत नाही. ते आलं तर तो समजेल. चिठ्ठी नको, तुझं अक्षर कुणाला लागत नाही. मी त्याच्या खोलीवरच आहे. गुरुवारच्या सकाळच्या बसच्या ड्रायव्हरकडे दे. बारा वाजता मी स्टँडवर उभी असेन, पाऊस असला तर भिजत, कारण स्टँडवर कमानी नाहीत आणि छत्री मी खुंटीवरून हलवणार नाही.