रुमालामागचा खटका

नाशिक, मंगळवार, १७ फेब्रुवारी १९९८

सरलाचे गोडजेवण होऊन पाच दिवस झाले. सुतकात बंद ठेवलेला टीव्ही तेव्हापासून सुरूच होत नाही. बटण दाबून पाहिले, वायर तपासली, फ्यूज बदलला. आज तर त्याला चक्क चापट मारली. निवृत्त प्राध्यापकाला हे शोभते का? नाही. तरी मारली, दोनदा.

संध्याकाळी मेकॅनिक आला. त्याने पेटी उघडलीसुद्धा नाही. टेबलावरून खाली लोंबणारा, सरलाने विणलेला रुमाल उचलला, मागे हात घातला आणि स्टॅबिलायझरचा खटका दाबला. तांबडा दिवा लागला. बातम्या सुरू!

"सर, टीव्ही ठणठणीत आहे. काकूंना विचारलं असतं तर माझी फेरी वाचली असती की! कुठं गेल्यात?"

"नाहीत," एवढेच म्हणालो. बाजारात गेली असेल, असे त्याला वाटले असावे. वाटू दिले.

दार लावल्यावर मात्र संताप आवरेना. त्याच्यावर कशाला? चौदा वर्षे मी खुर्चीतून "लाव गं" म्हणत आलो. ती रोज त्या रुमालामागे वाकत होती, रात्री बंद करायला पुन्हा वाकत होती. ती कशासाठी वाकते, हे मी एकदाही विचारले नाही. गुडघेदुखीवर तिला व्याख्यान मात्र दिले होते! निर्लज्जपणा, दुसरा शब्द नाही.

बातम्यांतले अक्षरही ऐकले नाही. टीव्ही बंद केला. तांबडा दिवा तसाच होता, म्हणून रुमाल उचलून वाकलो. हात पोहोचेना. तो खटका इतका आत आहे की गुडघे टेकावेच लागतात.